बरणी सात, आठ, नऊ: बियाण्याच्या लेपातला पीव्हीए मातीत कुठे जातो, याच्या नोंदी

१३ जानेवारी २०२५, सोमवार. रबाळे

आजपासून या कामाची वही वेगळी. कारण लिहून ठेवते, नाहीतर सहा महिन्यांनी माझं मलाच आठवणार नाही.

आम्ही भाताच्या बियाण्यावर चढवायचा लेप बनवतो. रंग, थोडं जस्त आणि हे सगळं दाण्याला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. तो चिकट पदार्थ म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पीव्हीए, ८८ ग्रेडचा. गेल्या आठवड्यात एका ग्राहकाने विचारलं, हा मातीत कुजतो का? विक्री बघणाऱ्या सहकाऱ्याने पाकिटाच्या मसुद्यावर 'जैवविघटनशील' असं छापायला देऊनही टाकलं होतं. कशावरून, असं विचारलं तर म्हणाला, "पाण्यात विरघळतो ना मॅडम. मग उरलं काय?"

मीठही विरघळतं. म्हणून खाडी गोड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

त्याच्याकडे एक कागदही होता. युरोपीय संघाने २०२३ मध्ये मुद्दाम मिसळल्या जाणाऱ्या सूक्ष्मप्लास्टिकवर निर्बंध आणले, नियम क्रमांक २०२३/२०५५. त्यातून लिटरला २ ग्रॅमपेक्षा जास्त विरघळणारे पॉलिमर, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंचे पदार्थ, वगळलेत. आमचा पीव्हीए त्यात सहज बसतो. पण वगळले ते कण म्हणून शिल्लक राहत नाहीत म्हणून, कुजतात म्हणून नव्हे. कुजण्याची कसोटी त्याच नियमात वेगळी दिली आहे. हे सांगितल्यावर सर म्हणाले, "मग मोजून दाखव."

मोजायचं काय ते ठरवायला शेतात जाणाऱ्या विरघळत्या पॉलिमरची यादी काढली. कीटकनाशकाच्या विरघळणाऱ्या पुड्या आणि बियाण्याचा लेप: पीव्हीए. फवारणीचं द्रावण दाट करायला झँथन डिंक, सीएमसी (कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज). पाटाच्या पाण्याबरोबर माती वाहू नये म्हणून काही देशांत पॉलिअॅक्रिलअमाइड. खत पिकाला नीट लागावं म्हणून पॉलिअस्पार्टेट. कुंड्यांत टाकतात ती फुगणारी जेल या यादीत नाही; ती विरघळत नाही, नुसती फुगते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल याच फुगणाऱ्या जातीचं, पण सेल्युलोजच्या कण्यावर बांधलेलं. तो विषय निराळा.

१९ जानेवारी, रविवार. मुरबाड तालुका

मामाकडे माती आणायला गेले. दोन जागांची घेतली: खाचरातली काळपट, चिकण, वाळली की भेगा पडणारी, आणि वरच्या वरकस जमिनीतली तांबडी, भुरभुरीत. प्रत्येक ठिकाणी दहा-बारा जागची, वरच्या वीतभरातली, मुळं आणि धसकटं काढून.

मामा बांधावर उभा राहून बघत होता. "बाय, शहरात माती मिळत नाय का आता?" मग लेपाबद्दल सांगितलं. त्याने विचारलं त्याचा मला नीट जवाब देता आला नाही. तो चारसूत्रीने भात लावतो, चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची ब्रिकेट हाताने खोचतो. ती आपोआप हळूहळू लागते, कसला प्लास्टिकचा थर नाही की काही नाही. "माझी गोळी चिकट न लावता जागेवर राहते, मग तुमच्या बियाला चिकट कशाला?" बियाण्याला जस्त चिकटवायला, म्हटलं. मान हलवली, पण पटल्याची नव्हे.

२४ जानेवारी

माती सावलीत पसरून २ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळली. उन्हात कडकडीत वाळवायची नाही. आपल्याला तिच्यातले जीव हवेत. ट्रेनी मुलाने पहिला ढीग गच्चीवर उन्हात टाकला होता. तो बाजूला ठेवला, झाडांना होईल.

जांभळी नाक्याहून दोन लिटरच्या काचेच्या बरण्या आणल्या, लोणच्याच्या. दुकानदाराने विचारलं, कैरीला अजून वेळ आहे ना?

३ फेब्रुवारी. दिवस ०

मातीत प्लास्टिक किती कुजतं ते मोजायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, आयएसओ १७५५६ चा, सांगाडा घेतला आहे, पण आमच्या ऐपतीने. तत्त्व साधं. मातीतले जीव पॉलिमर खातात, त्यातला बराच कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासाबरोबर बाहेर पडतो. बंद बरणीत मातीवर वाटीभर पोटॅशियम हायड्रॉक्साइड ठेवलं की तो त्यात अडकतो. बेरियम क्लोराइड घालून कार्बोनेट खाली बसवायचं आणि उरलेल्या अल्कलीचं टायट्रेशन करायचं. आमच्या ०.२५ नॉर्मल आम्लाचा १ मिलिलिटर फरक म्हणजे दीड मिलिग्रॅम कार्बन.

प्रत्येक बरणीत २५० ग्रॅम माती, अर्धा ग्रॅम पॉलिमर, ओलावा मातीच्या पाणी धरण्याच्या क्षमतेच्या निम्मा, आणि नायट्रोजनला थोडं अमोनियम फॉस्फेट. नायट्रोजन नसेल तर जिवाणू कार्बन समोर असून उपाशी बसतात.

खाचराची माती: १ ते ३ कोऱ्या (पॉलिमर न घातलेल्या), ४ ते ६ सेल्युलोज, ७ ते ९ पीव्हीए ८८, १० ते १२ सीएमसी, १३ ते १५ पॉलिअस्पार्टेट. वरकस: १६ ते १८ कोऱ्या, १९ ते २१ पीव्हीए. बरणी २२ मध्ये माती नाही, फक्त अल्कली. खोलीच्या हवेचा आणि आमच्या श्वासाचा हिशेब तिच्याकडे.

सेल्युलोज जिवंत मातीत कुजतंच, म्हणून त्याचा निकष: शेवटी त्यातला ६० टक्क्यांवर कार्बन वायू होऊन गेला पाहिजे, नाहीतर मातीच मेलेली समजायची आणि सगळी परीक्षा रद्द.

१० फेब्रुवारी

कोऱ्या तिन्ही बरण्या एकसारख्या यायला हव्यात, २० टक्क्यांच्या आत. १ आणि ३ जुळल्या, २ भलतीच जास्त. झाकणाची रबरी कडी चिरलेली निघाली. बाहेरची हवा आत येत होती. कडी बदलली, सगळ्या झाकणांना व्हॅसलीन. पहिल्या आठवड्याचा २ चा आकडा सोडून दिला.

२४ फेब्रुवारी

गंमत म्हणजे पीव्हीए पुढे आहे! दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात ७, ८, ९ तिन्हींनी सीएमसीला मागे टाकलं. मी सगळ्यांना सांगत सुटले होते की हा पॉलिमर मातीत ढिम्म बसून राहील. विक्रीवाला सहकारी आज दोनदा प्रयोगशाळेत डोकावून गेला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

सीएमसी मागे का, ते कळतं. सेल्युलोजच्या ग्लुकोज साखळीवर कार्बोक्सिमिथाइलचे काटे बसवलेले. सेल्युलेज विकराला (एन्झाइमला) साखळी कापायला काही ग्लुकोज सलग मोकळे लागतात. काटे दाट असतील तर त्याला दात रोवायला जागा मिळत नाही. आमचा नमुना ०.७ चा, म्हणजे दर दहा ग्लुकोजमागे सरासरी सात काटे. चालतं, पण सावकाश.

१५ मार्च

धुळवडीची सुट्टी, त्यात शुक्रवारी दुपारी एसी बंद पडला. आज सकाळी खोली ३३ अंशांवर. नोंद करून ठेवते. सगळ्या बरण्या सारख्याच तापल्या, त्यामुळे तुलना बिघडत नाही, पण वेग बिघडतो.

२७ मार्च. दिवस ५२

पीव्हीएच्या तिन्ही बरण्यांची सरासरी: कोऱ्या वजा जाता २६ मिलिग्रॅम कार्बन. घातलेला २७३. साडेनऊ टक्के. पण गेले दोन आठवडे वाढ जवळजवळ नाही.

सरांनी गणकयंत्र काढलं. "बावन्न दिवसांत साडेनऊ. म्हणजे दीड वर्षात शंभर. मल्चिंग फिल्मच्या युरोपीय मानकात दोन वर्षांत नव्वद मागतात ना? ईएन १७०३३. मग आपण पासच की." मल्चिंग फिल्मचं, म्हणजे पिकाभोवती जमिनीवर अंथरायच्या कागदाचं, मानक आपल्या लेपाला लागू नाही, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे आलेखावर रेघ चढते आणि मग आडवी होते. आडव्या रेघेला पट्टी लावून वर ओढायची नसते. पण ती आडवी का झाली, हे मलाही सांगता येईना, म्हणून गप्प बसले.

२ एप्रिल. रात्री

ठाण्याहून परत येताना गाडीत सुचलं आणि घरी येईपर्यंत दम निघाला नाही. पावतीच्या मागे हिशेब केला. इथे उतरवते.

पीव्हीए थेट बनत नाही. आधी व्हिनाइल ॲसिटेटची साखळी बनवतात, मग तिच्यावरच्या ॲसिटेटच्या टोप्या काढून तिथे हायड्रॉक्सिल आणतात. ८८ ग्रेड म्हणजे शंभरातल्या ८८ टोप्या काढल्या, १२ तशाच राहिल्या. या टोप्यांमुळेच तो गार पाण्यात विरघळतो. ९९ ग्रेडला नव्वद अंशांपर्यंत तापवावं लागतं.

आता कार्बन मोजू. ८८ एककांत प्रत्येकी २, म्हणजे १७६. टोपीवाल्या १२ एककांत प्रत्येकी ४, म्हणजे ४८. एकूण २२४. यातले नुसत्या टोप्यांमधले किती? १२ गुणिले २, चोवीस. २४ भागिले २२४: १०.७ टक्के.

अर्ध्या ग्रॅममध्ये ते होतात २९ मिलिग्रॅम. आम्हाला सापडले २६.

म्हणजे मातीतल्या जिवाणूंनी टोप्या खाल्ल्या. ॲसिटेट म्हणजे काय, व्हिनेगरच. कोणताही जिवाणू आवडीने खातो. एस्टरचा बंध तोडणारे विकरही मातीत मुबलक. साखळीचा कणा, कार्बन-कार्बनचा, जसाच्या तसा उभा. आम्ही महिनाभर जे कुजणं म्हणून साजरं करत होतो ते फक्त टोपी काढणं होतं. आणि टोप्या गेल्यावर जे उरलं ते ९९ ग्रेडसारखं, पाण्यात आणखी अवघड जाणारं.

हे फक्त आकड्यांचं जुळणं आहे. सिद्ध झालेलं नाही.

७ एप्रिल

९९ ग्रेडचा पीव्हीए मागवून बरण्या २३, २४, २५ लावल्या. याला टोप्या जवळजवळ नाहीत. माझं म्हणणं खरं असेल तर इथे सुरुवातीची उडी दिसायलाच नको. हे ३ फेब्रुवारीलाच लावायला हवं होतं. नाही सुचलं.

२१ एप्रिल

वायूचा हिशेब एका बाजूने, आता उरलेला पॉलिमर दुसऱ्या बाजूने. पीव्हीएला आयोडीन आणि बोरिक आम्ल दिलं की निळा-हिरवा रंग चढतो, ६९० नॅनोमीटरला मोजता येतो. नुसतं आयोडीन दिलं तर ८८ ग्रेडला लालसर झाक येते. ती उरलेल्या टोप्यांच्या गटांमुळे. ९९ ला ती लाली येत नाही.

बरणी ९ मधली चमचाभर माती गरम पाण्याने धुतली, सेंट्रिफ्यूज केली. बोरिक आम्लासह निळा-हिरवा: आहे. नुसत्या आयोडीनने लाली: नाही. कोऱ्या बरणीचा अर्क शेजारी धरून पाहिला, कारण मातीच्या अर्काला स्वतःचाच चहासारखा रंग असतो आणि त्यात लाली मनाने दिसू शकते. ट्रेनीला काही न सांगता नळ्या दाखवल्या. त्यालाही नाही दिसली.

एक अडचण. ताज्या मातीत मोजून पीव्हीए घातला आणि दुसऱ्याच दिवशी काढायला गेले तर वरकस मातीतून तीन चतुर्थांश परत आला, खाचराच्या मातीतून निम्माही नाही. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज त्याला पानांच्या थरांत धरून बसतं. तांबड्या मातीत केओलिनाइट हे दुसरं खनिज जास्त, त्याची पकड ढिली. म्हणजे अर्कात रंग कमी दिसला म्हणून पीव्हीए कमी झाला असं म्हणायची सोय नाही. आणि चिकणमातीला चिकटलेला पीव्हीए जिवाणूच्या हाती सहज लागत नाही, हे जुन्या प्रयोगांतून माहीत आहे. खाचराच्या मातीत त्याला लपायला घर मिळालं आहे.

८ मे

ट्रेनीने जेवताना विचारलं, "मग पीव्हीए कुजतो असं पुस्तकात का लिहिलंय?" प्रश्न रास्त आहे.

कुजतो. पण ज्याला तो खायची सवय आहे अशा जिवाणूंच्या हाती. जपानमध्ये १९७३ मध्ये पीव्हीए खाणारा स्यूडोमोनास जिवाणू सापडल्याचं प्रसिद्ध झालं. पद्धत अशी: आधी एक विकर कण्यावरच्या हायड्रॉक्सिलचं ऑक्सिडीकरण करून तिथे कीटोन बनवतो, दोन कीटोन जवळजवळ आले की दुसरा विकर त्यांच्यामधला कार्बनचा बंध कापतो. कण्याला धरायला हायड्रॉक्सिलची मूठ आहे म्हणून हे जमतं. पॉलिअॅक्रिलअमाइडला तशी मूठ नाही; जिवाणू त्याचा अमाइडचा नायट्रोजन काढून नेतात, कणा तसाच टाकतात. आणि पीव्हीए खाणारेही सगळे स्वयंपूर्ण नसतात. व्हीएम१५सी नावाच्या एका जातीला त्यासाठी पीक्यूक्यू नावाचा सहघटक लागतो आणि तो शेजारच्या व्हीएम१५ए कडून उसना घ्यावा लागतो.

मग असे जिवाणू इथे कुठे असतील? जिथे वर्षानुवर्षं पीव्हीए सांडतो तिथे. आपल्या जिल्ह्यात अशी जागा शोधायला लांब जायला नको: भिवंडी. यंत्रमागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला जी खळ देतात तिच्यात पीव्हीए असतो, आणि कापड धुताना तो सांडपाण्यात जातो.

एका ओळखीच्याकडून सांडपाणी प्रक्रियेचा गाळ बाटलीभर आणला. चंबूत फक्त क्षार आणि लिटरला १ ग्रॅम पीव्हीए, ९९ ग्रेड. एकात भिवंडीचा गाळ, एकात मामाच्या खाचराची माती, एक कोरा.

२६ मे, सोमवार

मुंबईत आज मान्सून. हवामान खात्याच्या नोंदींत इतक्या लवकर कधी आला नव्हता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर गुडघाभर पाणी, वीज दोनदा गेली. टायट्रेशन उद्यावर.

मामाचा फोन. राब (रोपांच्या वाफ्याची जागा) भाजून ठेवला होता, तो आधीच भिजला. धूळवाफ्यावर, म्हणजे कोरड्या मातीत, पेरणीचा बेत गेला. "आता रहू करणार." तुझं लेप दिलेलं बियाणं पाठव म्हणाला, वाफ्याच्या एका कोपऱ्यात टाकून बघतो.

३० मे

चंबू, बाविसावा दिवस. भिवंडीचा गाळ: आयोडीनचा निळा रंग जवळजवळ गेला. खाचराची माती: पहिल्या दिवसाइतकाच गडद. कोरा: गडद.

दोन्ही नळ्या खिडकीत उभ्या करून फोटो काढला. पाकिटावर काय छापायचं यावर आता वाद नको, असं वाटलं होतं. सहकारी म्हणाला, "म्हणजे कुजतो तर खरा!" भिवंडीच्या गाळात, मी म्हटलं. "तेवढं बारीक अक्षरात टाकू."

१५ जून, रविवार. मुरबाड

आजचा दिवस या वहीतला सगळ्यात महत्त्वाचा असावा, आणि त्यात माझं कर्तृत्व शून्य.

आधी पार्श्वभूमी. आमच्या बरणीतली मात्रा किलो मातीला २,००० मिलिग्रॅम. शेतातली किती? बियाण्यावर किलोला २ ग्रॅम पीव्हीए, लावणीच्या भाताला हेक्टरी साधारण ४० किलो बियाणं, म्हणजे ८० ग्रॅम. हेक्टरच्या वरच्या वीतभर मातीचं वजन ढोबळमानाने वीस लाख किलो. भागाकार केला तर ०.०४ मिलिग्रॅम. प्रयोगशाळेत आम्ही पन्नास हजार पट घालतो. हे मला पहिल्यापासून टोचत होतं. सरांनीही दोनदा बोलून दाखवलं की इतकं शेतात कधी जाणारच नाही.

आता मामाने काय केलं ते. रहू म्हणजे बियाणं आधी दिवसभर भिजत घालायचं, मग गोणपाटात दडपून मोड आणायचे आणि चिखलावर टाकायचं. दरवर्षी घरचं बियाणं तो मिठाच्या पाण्यात, १० लिटरला ३०० ग्रॅम, बुडवून पोचट दाणे काढतो. आमचं बियाणं कंपनीचं म्हणून ते टाळलं, पण भिजवलं मात्र नेहमीसारखंच. दहा किलो, एका टबात. ८८ ग्रेड, गार पाण्यात विरघळणारा, हीच तर त्याची ख्याती. सकाळी टबातलं पाणी गुलाबी झालं होतं आणि दाणे पांढरे. मामाने ते पाणी नेहमीच्या सवयीने परसात दोडक्याच्या बुडाशी ओतलं.

म्हणजे लेप खाचरात गेलाच नाही. वीस ग्रॅम पीव्हीए हातभर चौरस जागेत, तीन-चार बोटं खोल मातीत, जेमतेम दहा किलो माती. किलोला २,००० मिलिग्रॅम. बरोब्बर आमच्या बरणीइतकी मात्रा.

"पाकिटावर 'भिजवू नका' असं लिहिलं होतं काय?" मामाने विचारलं. नव्हतं. धूळवाफ्याचं गृहीत धरून आम्ही पाकीट लिहिलं, आणि पाऊस मे महिन्यात आला.

बरं तर बरं, या लॉटमध्ये बुरशीनाशक नव्हतं. दोडक्याच्या बुडाची माती घेऊन आले, वरची आणि वीतभर खालची, वेगवेगळ्या पिशव्यांत.

१७ जून

परसातली वरची माती: गडद निळा-हिरवा. खालची: कोऱ्यासारखी.

१३ जुलै. मुरबाड

आवणी, म्हणजे भाताची लावणी, चालू. खाचरात घोट्याच्या वर पाणी. चिखलात हात घातला की वरचा बोटाच्या पेराइतका थर तांबूस, त्याखाली काळानिळा, कुजट वासाचा. खाली ऑक्सिजन नाही. आमच्या बरण्या मात्र दर आठवड्याला उघडून ताजी हवा खातात. पीव्हीएचं ऑक्सिडीकरण करणाऱ्या विकराला ऑक्सिजन लागतो. म्हणजे लेप खाचरात पोचला असता तरी आमचा आकडा त्याच्या बाजूने उदारच ठरला असता. चिखलाची वेगळी परीक्षा लावायला हवी. मिथेनही मोजावा लागेल, आणि त्याचं साहित्य आमच्याकडे नाही.

२ ऑगस्ट. दिवस १८०

सेल्युलोज ७४ टक्के. निकष पार, माती जिवंत.

पॉलिअस्पार्टेट ६३. ॲस्पार्टिक आम्लाची साखळी, बंध प्रथिनांसारखेच, त्यामुळे मातीला ती ओळखीची वाटते. अमेरिकेत हरित रसायनाचे राष्ट्राध्यक्षांचे पुरस्कार १९९६ मध्ये सुरू झाले तेव्हा लहान उद्योगाचा पहिला मान डॉनलार कंपनीला याच पॉलिमरसाठी मिळाला होता. याच्या आकड्याबद्दल मला थोडी शंका आहे. यात स्वतःचा नायट्रोजन असतो. तो मिळाल्यावर जिवाणू मातीतला जुना कार्बनही जोमाने खायला लागतात आणि तो वायू आपण पॉलिमरच्या नावावर मांडतो. पुढच्या वेळी नायट्रोजनची बरोबरी करूनच कोऱ्या लावायच्या.

सीएमसी ३१, अजून चढतंय.

पीव्हीए ८८: खाचर ११.९, वरकस १३.२. टोप्या वजा केल्या तर कण्याचा वाटा एक ते अडीच टक्के, तोही मोजण्यातल्या चुकीच्या मर्यादेत.

पीव्हीए ९९, ११७ दिवस: १.४. सुरुवातीची उडी नाही. पावतीच्या मागचा हिशेब टिकला.

सरांनी आलेख बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मार्चमध्ये थांबलो असतो तर?" मार्चमध्ये थांबलो असतो तर पाकीट छापून झालं असतं.

१० ऑगस्ट, रविवार. मुरबाड

दोडक्याच्या बुडाची माती पुन्हा. वरच्या थरात रंग फिकट झालाय. ट्रेनी सोबत होता, तो खूश झाला, "गेला मॅडम!" मग वीतभर खालची तपासली. जूनमध्ये जिथे काही नव्हतं तिथे आता स्वच्छ निळा-हिरवा. परसातली माती मुरमाड, पकड ढिली. दोन महिन्यांच्या पावसाने त्याला खाली नेलं. आणखी खाली पहार जात नव्हती. विहीर तिथून पंचवीसेक पावलांवर आहे. विहिरीच्या पाण्यात आमच्या पद्धतीने काही दिसलं नाही, पण आमची पद्धत इतकं विरळ पाहण्याइतकी तीक्ष्ण नाही. कणा मुद्दाम जड कार्बनने घडवून त्याचा माग काढतात, तसं काही लागेल.

दोडक्याला काही झालेलं नाही. वेल भरून लागलेत. मामीने पिशवीभर दिले.

१८ ऑगस्ट

पाकिटाची बैठक, पावणेदोन तास. 'जैवविघटनशील' गेलं. 'पाण्यात विरघळणारा' राहिलं, ते खरं आहे. 'पेरणीपूर्वी भिजवू नये. भिजवल्यास ते पाणी वाफ्यातच सोडावे' ही ओळ ठळक अक्षरात, मराठीत, पाकिटाच्या पुढच्या बाजूला. सहकाऱ्याने ती मागच्या बाजूला नेण्यासाठी शेवटपर्यंत झुंज दिली.

१ सप्टेंबर

नव्या चिकट पदार्थाचे तीन नमुने: कमी काट्यांचा सीएमसी आणि शिजवलेला मक्याचा स्टार्च, निरनिराळ्या प्रमाणांत. दाण्यावर थर छान बसतो. पण या हवेत दोन दिवसांत बियाणं एकमेकांना चिकटून चिक्कीसारखी वडी झाली. ८८ ग्रेड हे कधी करत नाही. तो इतका वापरात का आहे हे मला आता चांगलं कळतं. थोडं टाल्कम लावून बघायचं आहे, आणि उगवण चाचणी.

झाडू मारणाऱ्या मावशींनी आज कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, "ताई, ह्या बरण्यांत नुसती मातीच आहे ना? सहा महिने झाले, टाकून धुवून ठेवू?"

बाकीच्या धुवायला दिल्या. ७, ८, ९ आणि २३ ते २५ वर लाल पट्टी लावली, शिवाय ताळेबंदासाठी कोऱ्या १ ते ३. पुढचं टायट्रेशन २९ तारखेला, आता महिन्यातून एकदाच.